जुन्या मोटारीची पारख

मुंबईच्या इंग्रजी दैनिकांतील छोट्या जाहिरातींच्या रकान्यांत स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे जुन्या मोटारीचा विक्रेता दोन शब्द आवर्जून छापवून घेत असे : ‘पारशी मालकाची’. मोटार कोणत्या सालची, किती मैल धावलेली, रंग कोणता, हा सारा तपशील मागाहून येई. पारशी गृहस्थ आपली गाडी पोटच्या पोराप्रमाणे जपतो, तेल वेळच्या वेळी बदलतो, रविवारी सकाळी बाह्या वर करून स्वतः तिला पुसतो, ही ख्याती सर्वतोमुखी होती आणि तिचे मोल गिऱ्हाईक रोख पैशांत देत असे. ज्याला हे दोन शब्द लावता येत नसत तो ‘डॉक्टरांनी वापरलेली’ असे छापी, किंवा ‘एकाच हाताची’ म्हणे. वरवर पाहता या जाहिराती मोटारींच्या होत्या. नीट वाचले तर त्या माणसांच्या होत्या. गाडीच्या पोटात काय दडले आहे हे गिऱ्हाइकाला कळण्याचा मार्ग नाही, हे विकणारा व घेणारा दोघेही जाणून होते. म्हणून गाडीच्या ऐवजी तिच्या धन्याची साक्ष काढली जाई.

अशी साक्ष काढण्याची रीत मोटारीपेक्षा फार जुनी आहे. माळेगावच्या यात्रेत किंवा सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जनावर घेणारा शेतकरी प्रथम दात पाहतो, मग दोन फेऱ्या चालवून बघतो, आणि तरीही मनातून धास्तावलेला असतो. कारण वय दातांवरून कळते, चाल डोळ्यांना दिसते, परंतु खोड मात्र जनावर घरच्या दावणीला बांधल्यावर उघडकीस येते. गुरांच्या बाजारात हेडी रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरवितो. पलीकडच्याला किंमत कळू द्यावयाची नाही, हा त्यातला उद्देश. ‘धर्माची गाय आणि दात का नाय’ ही म्हण फुकट मिळालेल्या गाईपुरती ठीक आहे. जो आयुष्याच्या बचतीतून जनावर घेतो त्याने दात पाहिलेच पाहिजेत. मोटार आली तेव्हा हीच सारी चिंता तिच्याबरोबर आली. फरक एवढाच पडला की मोटारीचे दात म्हणजे तिचा मैलांचा आकडा, आणि तो मागे फिरविणारे कारागीर पहिल्यापासून उपलब्ध होते.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी हा प्रश्न फारसा कोणाला पडत नसे, कारण मोटार ही मूठभर लोकांची वस्तू होती. फोर्डने १९२६ साली आणि जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत आपली कामे सुरू केली. सुटे भाग जहाजाने यावयाचे, येथे जुळणी व्हावयाची, आणि मोठमोठ्या अमेरिकन गाड्या डॉक्टर, बॅरिस्टर, गिरणीमालक व संस्थानिक यांच्या दारी जावयाच्या. युद्ध संपल्यावर लष्कराने मागे टाकलेल्या जीपगाड्या व मालमोटारी ‘डिस्पोजल’ म्हणून विकावयास निघाल्या. पाठोपाठ संस्थाने विलीन झाली आणि इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील राजवाड्यांच्या मोटारखान्यांना उतरती कळा लागली. राजेशाही थाटाची गाडी बेताच्या किमतीत मिळण्याची सोय झाली. तिचे पेट्रोल आणि तिचे सुटे भाग मात्र राजेशाहीच राहिले. आजही वीस वर्षांची भारी जर्मन मोटार लहान नव्या गाडीहून स्वस्तात मिळते म्हणून मोह पडतो. त्या मोहाचा पूर्वज राजवाड्याच्या मोटारखान्यातच शोधावा लागेल. एका दिव्याची किंवा एका पंपाची किंमत ऐकून असा धनी गाडी झाकून ठेवतो, आणि पुढे ती तशीच गंजते.

सामान्य माणसाच्या दृष्टीने या बाजाराचा खरा इतिहास १९५३ पासून सुरू होतो. त्या साली टॅरिफ कमिशनने असा अभिप्राय दिला की ज्या कंपन्यांपाशी येथेच मोटार बनविण्याची योजना आहे त्यांनीच राहावे, नुसती जुळणी करणाऱ्यांनी आपले काम आटोपते घ्यावे. सरकारने तो मानला. १९५४ पर्यंत जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही येथील गाशा गुंडाळला. राहिल्या मुख्यतः तीन गाड्या. कलकत्त्याजवळील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सची गाडी होई, जी १९५७-५८ पासून अ‍ॅम्बॅसडर म्हणून ओळखली जाऊ लागली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बने. तिलाच पुढे १९७४ च्या सुमारास पद्मिनी हे नाव मिळाले. मद्रासची स्टँडर्ड कंपनी १९६१ पासून हेरल्ड काढू लागली. बाहेरून पूर्ण मोटार आणण्यावर कडक निर्बंध होते, आणि येथे किती गाड्या बनवावयाच्या हेही परवान्यावर ठरे.

याचा परिणाम विपरीत झाला. जगात सर्वत्र वापरलेल्या गाडीची किंमत नव्या गाडीपेक्षा उतरते. येथे ती चढू लागली. नव्या फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, मग आजच हाती येणारी दोन वर्षांची फियाट नव्या गाडीच्या अधिकृत किमतीहून अधिक पैसे मोजून घेणारे लोक निघत. केवळ नफ्यासाठी नाव नोंदवून गाडी विकण्याचा धंदा सुरू झाला, तेव्हा १९५९ च्या आदेशान्वये नवी गाडी ठरावीक मुदतीपूर्वी परवानगीवाचून विकण्यास बंदी घालण्यात आली. तिचा उपाय लोकांनी लगोलग शोधला : कागदावर मालक जुना, गाडी नव्याच्या दारी. आर.सी. बुकावर एकाचे नाव आणि चावी दुसऱ्याच्या खिशात, ही आपल्याकडील खोड त्या काळात चांगलीच मुरली, आणि ती अजून गेलेली नाही.

नेमक्या याच काळात या विषयावरील जगप्रसिद्ध लेख लिहिला गेला, आणि त्याचा एक धागा दिल्लीशी जुळतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ हा तरुण अर्थशास्त्रज्ञ तेव्हा अमेरिकेतील बर्कली येथे नुकताच अध्यापक झाला होता. बाजारातली गाडी उत्तम आहे की फसवी आहे हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. या एका साध्या गोष्टीचे परिणाम कोठवर जातात, याचा त्याने विचार केला. अमेरिकन बोलीत फसव्या मोटारीला ‘लेमन’ म्हणतात. आपण नासका नारळ म्हणू. समजा, चांगली गाडी साठ हजारांची आणि नासकी वीस हजारांची आहे. दोन्ही दिसावयास सारख्या. घेणारा सावधपणे चाळीस हजार देऊ करतो. नासक्या गाडीचा मालक आनंदाने तयार होतो. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, त्यापेक्षा मीच वापरीन. चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात, हे पाहून घेणारा आपली बोली आणखी खाली आणतो, आणि अखेर बाजारात नासके नारळच उरतात. यात कोणी लबाड असलाच पाहिजे असे नाही. नुसत्या अज्ञानाने बाजार बिघडतो.

हा लेख १९६७ च्या जूनमध्ये नियतकालिकाकडे धाडून अ‍ॅकरलॉफ दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत वर्षभरासाठी आला, आणि पहिला नकार त्याला येथेच मिळाला. दुसऱ्या एका नियतकालिकाने विषय क्षुल्लक ठरविला. तिसऱ्याच्या परीक्षकांचे म्हणणे असे की हे खरे मानले तर सारे अर्थशास्त्रच निराळे मानावे लागेल. ते खरोखरच निराळे मानले गेले : लेख १९७० साली प्रसिद्ध झाला, आणि २००१ साली लेखकास मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्या लेखात भारतातील सावकारीचाही विचार आहे : गावचा सावकार ऋणकोला ओळखतो, बाहेरचा ओळखत नाही, म्हणून बाहेरच्याला सावकारीत शिरकाव करणे जड जाते. मौजेची गोष्ट ही की नवी गाडी दुकानाबाहेर पडताच तिची किंमत एवढी का कोसळते, या प्रश्नाची उकल करणारा पंडित अशा शहरात वास्तव्य करून होता की जेथे ती किंमत कोसळत नसे.

परंतु त्याचे निदान येथेही लागू पडते. टंचाईमुळे किंमत चढली तरी अज्ञान तेवढेच राहिले, किंबहुना अधिक घातक झाले. कारण नासक्या नारळाला आता उत्तम नारळाचा भाव द्यावा लागे. मध्यमवर्गीय गिऱ्हाइकाने त्यावर दोन तोडगे काढले. एक, वर सांगितलेला, म्हणजे धन्याची ओळख. दुसरा अधिक टिकाऊ होता, तो म्हणजे ओळखीचा मिस्त्री.

त्या मिस्त्रीचे ज्ञान ही लिहून न ठेवलेली एक विद्याच होती. गाड्या तीनच, आणि त्याही वर्षानुवर्षे जवळपास तशाच. त्यामुळे बेळगावच्या किंवा इंदूरच्या एखाद्या साध्या गॅरेजातील माणूसही त्यांची नस न् नस ओळखे. तो गाडी पाहावयास सकाळी जाई, इंजिन थंड असताना. कारण मालकाने आधीच चालू करून तापविलेले इंजिन पुष्कळ दोष झाकते. बॉनेटला हात लावून ते गरम लागले तर तो संशयाने हसे. मग गाडी सुरू करून मागे जाऊन उभा राही. धूर निळसर असेल तर इंजिन तेल खाते, म्हणजे रिंगा झिजल्या. काळा असेल तर पेट्रोल जास्त जळते, तो दोष थोडक्यात निघतो. आणि गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबेना तर सिलिंडरमध्ये पाणी जात असण्याचा संभव. तेलाचे झाकण उघडून आतल्या बाजूस दुधाळ साय जमली आहे काय हे तो पाही. झाकण काढून ठेवले असता तेथून भसाभस वाफारा येऊ लागला तर पुढे काही न बोलता चहा पिऊन परत येई.

पत्र्याची परीक्षा निराळी. रंगारी लांबी भरून गंज आणि अपघाताच्या खुणा अशा बेमालूम बुजवितो की नुसत्या डोळ्याला पत्ता लागू नये. मिस्त्रीच्या खिशात लोहचुंबकाचा तुकडा असे. जेथे तो चिकटत नाही तेथे पत्र्याऐवजी लांबी आहे. अ‍ॅम्बॅसडर व फियाट यांच्या पायाखालचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी या पाणी साठण्याच्या जागा. कोकणात व गोव्यात तर खाऱ्या हवेने तेथे चाळण होई. हेरल्डचे समोरचे सारे अंगच पुढे उलटून उघडे, त्यामुळे तिचे पोट दाखवावयास सोपे. तिचा सांगाडा वेगळा असे आणि अंग त्यावर बोल्टांनी बसविलेले, म्हणून सांगाडा गंजला काय हे वाकून पाहणे अगत्याचे. टायरच्या एकाच कडेची झीज झाली असेल तर चाकांची रेषा बिघडली आहे. ती साध्या जुळवणीने सुधारेल किंवा अपघातात सांगाडाच वाकला असेल. मीटरवर तीस हजार मैल आणि ब्रेकच्या पायटीचे रबर झिजून गुळगुळीत, अशा गाडीचा मीटर खोटे बोलतो.

मुंबईत एक खास धोका होता. टॅक्सीतून उतरलेली फियाट काळा-पिवळा रंग खरवडून, निळा किंवा पांढरा लावून, खाजगी म्हणून विकली जाई. टॅक्सीचे भाड्याचे मीटर गाडीबाहेर डाव्या अंगाला बसविलेले असे. त्या जागी पत्र्याची भोके बुजविल्याची खूण दिसते का, हे जाणता मनुष्य बोटाने चाचपून पाही. दिवसरात्र शहरभर धावलेली ती गाडी ‘एकाच हाताची’ खचितच नसे. (या मिस्त्रीबद्दल एक तक्रार ऐकू येई, की तो घेणाऱ्याकडून मेहनताना आणि विकणाऱ्याकडून दस्तुरी असे दोन्हीकडून घेतो. ती सर्वस्वी खोटी नव्हती. म्हणून गाडी पाहण्याचे पैसे त्याला आधी, रोख आणि सौदा होवो वा न होवो, द्यावे, असा शहाण्या लोकांचा प्रघात होता. तो आजही पाळण्याजोगा आहे.)

या विद्येतून बेताच्या पैशात गाडी घेणाऱ्याने उचलण्याजोगी गोष्ट अशी की त्याकाळी ‘भरवशाची’ या शब्दाचा अर्थ ‘कधी न बिघडणारी’ असा कोणी केलाच नाही. अ‍ॅम्बॅसडर बिघडत असे, फियाट बिघडत असे. भरवशाची गाडी ती, की जी बिघडली तर सांगलीच्या किंवा धारच्या रस्त्यावर त्याच दिवशी दुरुस्त होईल, आणि जिचा भाग मुंबईच्या ऑपेरा हाऊसजवळच्या दुकानांतून संध्याकाळच्या एस.टी.ने मागविता येईल. फियाटचे १०८९ घनसेंटीमीटरचे इंजिन काही जगातले आश्चर्य नव्हते. परंतु मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिला एवढे दिवस सांभाळले याचे कारण ते इंजिन रस्त्याच्या कडेला उघडता येई. कारखान्याने ती गाडी शतक संपता संपता बंद केली, तरी मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरातली, आणि वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले होते.

गोव्यात याच्या उलट धडा मिळाला. १९६१ पर्यंत तेथे पोर्तुगीज राजवट असल्यामुळे भारतातील आयातीचे निर्बंध लागू नव्हते, आणि मर्सिडीज, ओपेल अशा जर्मन गाड्या पणजी-मडगावच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणूनदेखील धावत. मुक्तीनंतर गोव्याच्या शेजाऱ्यांना त्या गाड्यांचे फार अप्रूप वाटले. अ‍ॅम्बॅसडरच्या तुलनेत त्यांचे यंत्र निःसंशय श्रेष्ठ होते. परंतु सुट्या भागांची वाट आता बंद झाली होती. उत्तम यंत्रातील एक तुटलेला लहानसा भाग कोणी लेथवर घडवून देईल काय, यावर साऱ्या गाडीचे भवितव्य अवलंबून राहू लागले.

मोटारीची टंचाई फोडण्याचे श्रेय मारुतीकडे जाते. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची चावी दिली गेली. ७९६ घनसेंटीमीटरची ती चिमुकली गाडी पाहून जुन्या मिस्त्रींनी नाके मुरडली. पुढच्या चाकांना गती देणारे ते यंत्र त्यांना खेळण्यासारखे वाटले. आरंभी तिच्यासाठीही रांगा लागल्या आणि अधिमूल्य चालले, परंतु उत्पादन वाढत गेले तशी रांग ओसरली. १९९३ साली मोटार उत्पादनावरील परवानापद्धती उठली आणि पुढल्या दहा वर्षांत दुकानात जाऊन मोटार घेऊन येणे शक्य झाले. तेव्हा कोठे भारतात वापरलेल्या मोटारीची किंमत जगाच्या रीतीप्रमाणे उतरू लागली. शिक्षक, कारकून, लहान दुकानदार यांच्या दारी पहिली मोटार आली ती या उतरलेल्या किमतीमुळे. आणि पुष्कळदा ती गाडी म्हणजे आठ-दहा वर्षांची मारुतीच असे. गेल्या काही वर्षांत तर नव्यापेक्षा वापरलेल्या गाड्यांचेच व्यवहार संख्येने अधिक होतात.

परंतु परवाना उठल्याबरोबर एक जुनी अडचण नव्या वेषात परत आली. तीन गाड्यांच्या जागी तीसचाळीस आल्या, आणि त्यांतल्या कित्येक कंपन्या तळ हलवून गेल्या. प्यूजो आली आणि काही वर्षांतच गेली, देवू बुडाली. जनरल मोटर्स पुन्हा आली होती, तिने २०१७ अखेर येथील विक्री थांबविली. फोर्डनेही २०२१ साली येथील मोटार उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. या दोन कंपन्या भारतातून दुसऱ्यांदा गेल्या. अशा कंपनीची पाच-सहा वर्षांची गाडी तेवढ्याच वयाच्या मारुतीपेक्षा किंवा ह्युंदाईपेक्षा बरीच स्वस्त मिळते. गाडी वाईट असते असे मुळीच नाही. पुष्कळदा ती अधिक भक्कम असते. किमतीतला तो फरक म्हणजे पुढे भाग शोधण्यात जावयाचा वेळ आणि पैसा, जो विकणारा आधीच कापून देतो. ज्याच्या घरी दुसरे वाहन आहे त्याने तो खुशाल स्वीकारावा. ज्याची नोकरी, मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईचे दवाखान्यात जाणे या एकाच गाडीवर आहे, त्याला ती स्वस्ताई परवडणारी नाही.

पैशाचा हिशेबही या माणसाने निराळा मांडावयास हवा. हाती दीड लाख असतील तर दीड लाखाची गाडी पाहणे ही पहिली चूक. सव्वा लाखाच्या आत गाडी पाहावी. उरलेल्यात टायर, बॅटरी, विमा, नावावर करण्याचा खर्च आणि पहिल्या सहा महिन्यांत निघणारी दुरुस्ती बसवावी. विम्याच्या हप्त्यात जुन्या मालकाला मिळणारी सवलत गाडीबरोबर येत नाही, हेही पुष्कळांना हप्ता भरतानाच कळते. इंजिनातील टायमिंग बेल्ट ठरावीक अंतरानंतर बदलावा लागतो. बदलल्याचे बिल नसेल तर तो बदललेला नाही असे समजून त्याचा खर्च किमतीतून वजा मागावा. ज्यांच्या इंजिनात पट्ट्याऐवजी साखळी आहे त्यांची ही कटकट कमी. डिझेलची गाडी मैलामागे स्वस्त, परंतु जो महिन्याला तीन-चारशे किलोमीटरच हिंडतो त्याच्या बाबतीत तिचे महाग इंजेक्टर सारी बचत एका दुरुस्तीत गिळून टाकतात.

आजची गाडी मिस्त्रीच्या कानाला पूर्वीइतकी बोलत नाही. तिचे दोष तिच्या संगणकात नोंदलेले असतात, आणि ते वाचावयाचे यंत्र आता लहान गॅरेजातही असते. ते लावल्याखेरीज विसार देऊ नये. मीटरचा आकडा अजूनही मागे फिरतो, फक्त हल्ली तो तारेने फिरवितात. त्यावर उतारा म्हणजे कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपातील नोंदी. मालकाच्या संमतीने गाडीचा क्रमांक सांगितला की कोणत्या तारखेला ती किती किलोमीटरांवर आली होती हे तेथे कळते. आणि एक नवाच धोका पुराचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबईत हजारो मोटारी पाण्याखाली गेल्या. त्यांतल्या पुष्कळ धुऊनपुसून दूरच्या गावी विकल्या गेल्या. २०१९ व २०२१ साली कोल्हापूर-सांगलीकडे पूर आले. पाण्यात बुडालेली गाडी दिसावयास लख्ख असते; तिच्या विजेच्या तारा मात्र वर्षभरात एकेक करून दगा देऊ लागतात. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा, तेथे चिखलाची रेघ कोणी पुसत नाही. पायाखालचा गालिचा उचलून वास घ्यावा. आसनाचे बोल्ट गंजले आहेत काय हे पाहावे.

इतर देशांनी या अज्ञानावर कायद्याने काही इलाज केला. ब्रिटनमध्ये १९६० पासून जुन्या खाजगी मोटारींची दरवर्षी सरकारमान्य तपासणी सक्तीची आहे. अमेरिकेत १९८४ च्या नियमानुसार व्यापाऱ्याने विकावयाच्या जुन्या गाडीच्या काचेवर हमी आहे की नाही हे छापून लावावे लागते. भारतात खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, आणि तोवर प्रदूषणाच्या दाखल्यापलीकडे तिची तपासणी कोणी करीत नाही. येथे प्रथम कंपन्याच पुढे आल्या : मारुतीने २००१ साली तपासून, हमी देऊन जुन्या गाड्या विकण्याची दुकाने काढली, मग इतरांनीही. पूर्वी पारशी गृहस्थाच्या नावाला जी किंमत मिळे ती आता कंपनीच्या नावाला मिळू लागली. अर्थात् ही किंमत गिऱ्हाईकच देते, आणि तीच गाडी ओळखीच्या माणसाकडून थेट घेतली तर कमी पडते. डिसेंबर २०२२ च्या नियमांनी जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यांना परवाना घेणे आणि गाडी ताब्यात आल्याची सूचना परिवहन कार्यालयास देणे बंधनकारक केले; ते एप्रिल २०२३ पासून अमलात आले.

कागदांकडे दुर्लक्ष करण्याची जुनी सवय आज सर्वांत महाग पडते. बँकेचे कर्ज फिटले असले तरी बोजा उतरविल्याची नोंद झालेली नसते, आणि तोवर गाडी नावावर होत नाही. सीमाभागातील लोकांना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कोल्हापूरला गाडी स्वस्त मिळाली म्हणून बेळगावकर ती घेतो, किंवा बेळगावची गाडी पणजीला जाते. परंतु बारा महिन्यांहून अधिक काळ ती दुसऱ्या राज्यात ठेवावयाची तर तेथे नवा क्रमांक घ्यावा लागतो, त्यासाठी पहिल्या राज्याचा ना हरकत दाखला आणावा लागतो, आणि तेथला कर निराळा भरावा लागतो. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर २०१५ साली हरित न्यायाधिकरणाने बंदी घातली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून दिल्लीच्या झगझगीत डिझेल गाड्या दूरदूरच्या गावांत स्वस्तात दिसू लागल्या. त्यांचा कर व नोंदणीचा खर्च आधी परिवहन कार्यालयात विचारून मगच किंमत ठरवावी.

गाडी त्याच राज्यात विकली तर मालकाने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतरण कळवावे, असा १९८८ च्या कायद्याचा दंडक आहे. नमुना २९ आणि ३० हे त्यासाठीचे कागद. विकणारा पुष्कळदा दोहोंवर कोऱ्या सह्या करून देतो, दलाल ते खिशात घालतो, आणि गाडी तीन-चार हातांतून फिरते. सर्वांना ते सोयीचे वाटते. २००७ साली विकलेली एक मोटार अशीच हातोहात गेली आणि २००९ साली तिच्या हातून अपघात घडला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये त्या खटल्याचा निर्णय दिला : नोंदपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच. अपघातापूर्वी दोन वर्षे त्या गृहस्थाच्या ताब्यात ती गाडी नव्हती.